डाळ न शिजणारं घर

आमच्या ॲलर्जीच्या डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत. मागच्या खेपेला त्या म्हणाल्या, "अक्का, नवे पेशंट येतात ते फार घाबरलेले असतात. तुम्ही तुमच्या मराठीत काहीतरी लिहा ना. वाचून थोडा धीर येईल कुणाला." मी हो म्हणून आले. घरी लिहायला बसले तेव्हा कळलं की धीर येईल असं माझ्याकडे फारसं काही नाही. जे झालं तेवढं आहे. तेच सांगते.

मी म्हैसूरची. आमचं घराणं किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं ते आम्हालाही नीट ठाऊक नाही. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, अशीच आमची वाढ. यजमान हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे, आता निवृत्त झालेत. एकुलती एक मुलगी वीणा लग्न होऊन बंगळुरात असते. सरस्वतीपुरममधल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत मी कितीतरी वर्षं पुड्या करून विकल्या. मेतकूट आपलं, सारिन पुडी म्हणजे साराचा मसाला आणि चटणी पुडी इकडची. जोडीला गल्लीतली नागरत्ना असायची. ती भाजायची, मी दळायची, नाहीतर उलट. भाजलेल्या हरभऱ्याच्या डाळीचा वास सुटला की रस्त्यावरून जाणारी माणसं फाटकाशी थांबून विचारायची, "आज ताजी आहे का अक्का?" मला हा प्रश्न फार आवडायचा. मी शिकलेली बेताची, पण माझ्या हाताला चव आहे हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

त्या कामातूनच मला हे लागलं असावं, असं डॉक्टर म्हणतात. इतकी वर्षं डाळींचं पीठ नाकातोंडातून आत जात राहिलं आणि एक दिवस शरीराने ठरवलं की आता हे शत्रूचं.

*

सूचना मिळत होत्या, पण मी त्या ऐकल्या नाहीत. दळताना शिंका यायच्या, डोळे चुरचुरायचे. मिक्सरचं झाकण उघडलं की घशात खाज सुटायची. नागरत्ना म्हणायची, "धूळ आहे अक्का, सुम्ने, उगीच घाबरू नको." मी तोंडाला पदर बांधून दळत राहायची.

त्या सकाळी चटणी पुडी चालली होती. मी सवयीने मूठभर हुरिगडले, म्हणजे फुटाण्याची डाळ, तोंडात टाकली. आधी तळहातांना खाज आली. मग ओठ जाड झाल्यासारखे वाटले. मी नागरत्नाला काहीतरी सांगायला गेले तर माझा आवाज माझा वाटेना, कुणी उशीतून बोलावं तसा यायला लागला. नागरत्नाने वर पाहिलं आणि तिच्या हातातली परात खाली पडली.

"अय्यो अक्का, तोंड बघ तुझं!"

मी आरशाकडे गेलेच नाही, तेवढा वेळ नव्हता. छाती आवळत होती. हवा आत येत होती, पण पुरत नव्हती. पोटात कळ आली आणि मनात एकच विचार ठाण मांडून बसला की आपण आता मरणार. भीती म्हणावी तर भीतीही नव्हती ती. पक्की खात्री होती. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की असं वाटणं हेही या आजाराचं एक लक्षणच असतं. कुणाला असं वाटलं तर मनाचे खेळ म्हणून सोडून देऊ नका.

यजमान शाळेत होते. नागरत्नाने मला अक्षरशः ओढत रस्त्यावर आणलं, रिक्षा थांबवली आणि वाटभर रिक्षावाल्याच्या पाठीवर थापा मारत राहिली, "बेगा होगी, बेगा!" लवकर चल, लवकर. हॉस्पिटलच्या दारात मी तिच्या अंगावरच कोसळले. मांडीत काहीतरी टोचल्याचं तेवढं आठवतं. थोड्या वेळाने श्वास आला. इतका सोपा, इतका फुकट, की मला रडूच आलं. शेजारी नागरत्ना उभी होती. तिचे केस, तिचे हात, तिची साडी, सगळं पिवळ्या पिठाने माखलेलं होतं. ती मला मिठी मारायला वाकली तर नर्सने तिला खांद्याला धरून मागे केलं.

त्या दिवशी मला नर्सचा राग आला होता.

*

नंतर काही आठवड्यांनी चाचणी झाली. हातावर औषधाचे थेंब ओळीने ठेवतात आणि प्रत्येक थेंबातून सुईचं टोक हलकेच टोचतात. मग नुसतं बसून बघत राहायचं. मला आधी मजा वाटली. मग एकेक ठिपका लाल होऊन फुगायला लागला. हरभरा, तूर, उडीद, मूग, मसूर, शेंगदाणा. माझ्या कोठीतले डबेच कुणी माझ्या हातावर मांडून ठेवल्यासारखे.

डॉक्टर कन्नडमध्ये शांतपणे बोलत होत्या. "सगळ्या डाळी बंद करायच्या, अक्का. शेंगदाणेही. बेसन, पापड, इडली, डोसा, हुळी-सांबार, सगळं."

मी हसले. खरंच हसले. "मग जेवायचं काय?"

त्या हसल्या नाहीत. "तांदूळ आहे, नाचणी आहे, भाज्या, दूध, दही. अंडं खाल्लंत तर फार बरं."

"आणि माझं काम?"

"ते पूर्ण बंद. तुमच्या बाबतीत नुसत्या वाफेनेही होऊ शकतं. घरात डाळ शिजवू नका, कुणीच."

यजमानांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी विचारलं, "हे किती दिवस पाळायचं?" शिक्षकाला असतं तसं, त्यांना उत्तर आकड्यात हवं होतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "लहान मुलांची ॲलर्जी कधीकधी वाढत्या वयात जाते. या वयात आलेली सहसा जात नाही. मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही."

मला तेव्हा त्या कठोर वाटल्या. आता वाटतं, एवढं एकच वाक्य मला कुणीतरी सरळ सांगितलं. बाकी सगळे आजपर्यंत मला काढे सांगतात, उपास सांगतात, एका स्वामींचं नाव सांगतात. मी दोन काढे घेऊनही पाहिले. एकात मेथ्या होत्या. मेथीही त्यांच्याच भाऊबंदांतली. रात्रभर अंगावर गांधी उठल्या.

परत येताना ह्यांनी स्कूटर भाजीवाल्याशी थांबवली आणि दोडकी घेतली. पिशवी माझ्या हातात देताना म्हणाले, "याचं काय करता येतं डाळीशिवाय?"

*

कोठी नागरत्नाने आणि तिच्या सुनेने रिकामी केली. मला अंगणात खुर्ची टाकून बसवलं होतं. डबे एकेक करून फाटकाबाहेर गेले. भाजायची कढई गेली, दळायचं मशीन गेलं. नागरत्ना म्हणाली, "मी माझ्या घरी करते अक्का, तुझ्याच नावाने विकते." तिने शब्द पाळला. पण माझं नाव असलेली पुडी मला हातात धरता येत नाही.

ती रोज यायची. आधी आंघोळ करून, साडी बदलून. मग फाटकाशी उभी राहून बोलायची, कारण केसांत पीठ राहिलं असेल तर, ही तिची भीती. मग दोन दिवसांनी यायला लागली. आमच्या म्हैसूरला माणूस भेटलं की "कशी आहेस" विचारत नाहीत, "ऊट आय्ता?" विचारतात, जेवण झालं का? तिच्या तोंडून ते निघून जायचं आणि मग ती जीभ चावायची. मी म्हणायची, "झालं गं, भात-ताक." रोज भात-ताक, नाहीतर नाचणीची भाकरी आणि बिनडाळीचं चिंचेचं सार. सगळी गल्ली मला हा एकच प्रश्न विचारायची, आणि रोज तेच उत्तर देण्याचा मला इतका कंटाळा आला की मी संध्याकाळी फाटकाशी उभं राहणंच सोडलं.

वजन उतरलं. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. डॉक्टर पुन्हा अंड्याचं बोलल्या. आमच्याकडे सात पिढ्यांत अंडं आलेलं नाही. एके दिवशी हे बाहेरून आले आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी ओट्यावर ठेवून हात धुवायला गेले. चार अंडी होती. उकडायची किती वेळ ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन करून विचारलं, तेही माझ्याकडे पाठ करून, हळू आवाजात, जणू काही गुन्हाच चाललाय. मी सोललं, मीठ लावलं, तोंडात घातलं. गिळवेना. ते म्हणाले, "डोळे मिटून गिळ." मी गिळलं. मग ते उठून बाहेर जाऊन बसले. आता मी रोज एक खाते. आवडत नाही. औषध म्हणून खाते.

त्यांचंही सांगितलं पाहिजे. घरात एकाला आजार होतो, पण पथ्य सगळ्यांच्या नशिबी येतं. पहिले काही महिने ते माझ्याबरोबर भात-ताक जेवले. मग एके दुपारी ताट पुढे आलं आणि त्यांनी ते हाताने लांब सारलं. "साठ वर्षं हुळी-भात खाऊन वाढलोय मी! माणसाने काय काय सोडायचं?" जन्मात आवाज न चढवलेला माणूस. मी म्हटलं, "तुम्ही बाहेर जेवत जा." मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील.

ते बाहेर जेवायला लागले. कोपऱ्यावरच्या हॉटेलात दुपारचं जेवण. घरी आले की मागच्या दाराने न्हाणीघरात, दात घासायचे, शर्ट बदलायचा, मग माझ्या खोलीत. आमचं एकत्र जेवण संपलं. लग्न झाल्यापासून आमच्या खऱ्या गप्पा जेवतानाच व्हायच्या, हे तेव्हा कळलं. ताट समोर नसेल तर आम्हाला एकमेकांशी बोलायला विषय सुचत नव्हता.

*

म्हैसूरजवळच्या वरुणा गावी यांच्या चुलतकाकूंनी नवं घर बांधलं. त्यांच्या वास्तुशांतीला मी जायला नको होतं. पण वर्ष होऊन गेलं होतं, त्या काढ्यानंतर अंगावर काही उठलं नव्हतं, आणि माणसांत जायची भूक लागली होती. मी माझा डबा घेतला. स्वयंपाक मांडवामागे चालला होता, म्हणून मी पुढच्या ओसरीवर, वाऱ्याच्या बाजूला बसले. समोर भाताची शेतं होती. बरं वाटत होतं.

काकू नव्वदीच्या घरात. काठी टेकत आल्या, हातात वाटी. "सुनंदे, माझ्या घरी येऊन तू डब्यातलं खाणार? दहीभात आणलाय. फोडणीतली उडदाची डाळ मी स्वतः बसून वेचून काढली गं तुझ्यासाठी. एक दाणा राहू दिला नाही."

हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं की मी पहिला घास घेतल्यावर, हे आता मला नक्की आठवत नाही. एवढं आठवतं की घास माझ्या तोंडात होता आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. थुंकायला हवा होता. मी गिळला.

पुतण्याच्या गाडीत घातलं मला. तोवर घरघर सुरू झाली होती. इंजेक्शन पर्समध्ये होतं. आमच्याकडे काचेची कुपी आणि सुई वेगवेगळी असते. कुपी फोडायची, औषध ओढायचं, मांडीत टोचायचं. डॉक्टरांनी ह्यांच्याकडून पाण्यावर पुन्हा पुन्हा सराव करून घेतला होता. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. ह्यांच्या हातून पहिली कुपी वेडीवाकडी फुटून औषध त्यांच्याच धोतरावर सांडलं. ते मोठ्याने म्हणाले, "आता चुकायचं नाही." मला नाही, स्वतःला. वर्गात फळ्यासमोर उभे असल्यासारखे. दुसरी नीट भरली आणि साडीवरूनच टोचली.

मी जगले ते त्या माणसामुळे. ते माझ्याबरोबर जेवत नाहीत म्हणून मी मनात जे काही साठवलं होतं, ते त्या रस्त्यावर निम्मं गळून पडलं. सगळं नाही.

हॉस्पिटलात ठेवून घेतलं, कारण एकदा उतरलेलं पुन्हा उसळू शकतं. सकाळी ताप, रक्तदाब, मग सलाइन, मग डॉक्टरांची फेरी. वॉर्डात जेवणाची गाडी यायची वेळ झाली की मी नाकावर पदर घट्ट धरायची. सगळ्यांना पथ्याची मूगडाळ खिचडी. आजारी माणसाला जगात सगळीकडे जे देतात, तेच मला मारणारं. एका नर्सने माझी खाट न विचारता खिडकीजवळ सरकवली आणि गाडी आली की ती माझ्या बाजूची खिडकी सताड उघडून उभी राहायची. मला तिचं नाव माहीत नाही. अशी माणसं भेटतात. आजार त्यामुळे कमी होत नाही, पण भेटतात.

काकूंना कुणी काही सांगितलं नाही. ऊन लागलं असेल असं त्यांना वाटलं. पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. मी मर्तिकालाही गेले नाही.

*

त्यानंतर वीणाला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी. हे कुणी ठरवावं लागत नाही. मी मनात सगळं मांडायला लागले. मागची खोली तिला द्यायची, शेकशेगडी कुठे ठेवायची, डिंकाचे लाडू किती. लाडवांत डाळ नसते म्हणून मला केवढा आनंद झाला होता! निदान लाडू तरी मी करू शकत होते.

तिच्या सासूबाईंचा फोन आला. बाई चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, "विहीणबाई, राग मानू नका. पण बाळंतिणीला डाळीशिवाय ताकद कुठून येणार?"

मी उत्तर द्यायच्या आत वीणाने फोन घेतला. "आई, मी येणार. तीन-चार महिने डाळ नाही खाल्ली तर मरत नाही मी."

सातव्या महिन्यात ती आली. चार दिवस घर भरल्यासारखं झालं. मी तिला तुपातली खीर, नाचणीची आंबिल, नारळाच्या दुधातल्या भाज्या, सुचेल ते करून घातलं. ती सगळं खायची आणि ताटाकडे बघत बसायची. पोटुशी बाई कशाकडे बघते हे आईला कळतं. एकदा हसत म्हणाली, "आई, तुझ्या मेतकूटभाताची स्वप्नं पडतात गं मला." मी पण हसले.

पाचव्या दिवशी ती नागरत्नाकडे गेली. नागरत्नाने होळिगे केले होते, आपली पुरणपोळीच. पोरीने पोटभर खाल्ले. खावेच. येताना हात धुतले, चूळ भरली, एवढी काळजी तिने घेतली होती. मी पलंगावर बसून कुंची शिवत होते. ती मागून आली आणि लहानपणी करायची तशी माझ्या गळ्यात हात टाकून गालाला गाल लावून म्हणाली, "आई, पोट भरलं बघ आज."

आधी गाल पेटला. मग मान. मग श्वास.

या वेळी इंजेक्शन तिला द्यावं लागलं. वडील घरात नव्हते. सात महिन्यांची पोटुशी मुलगी जमिनीवर गुडघे टेकून आईच्या मांडीत सुई टोचतेय, हे दृश्य मी कुणाच्या आईला दाखवू इच्छित नाही. जरा श्वास परत आल्यावर मी पाहिलं तर ती भिंतीला टेकून, पोट दोन्ही हातांनी धरून बसली होती. रडत नव्हती. म्हणाली, "आई, मी तुला मारून टाकीन गं."

"काही नाही झालं, वीणा. बघ, बरी आहे मी."

"आज आहेस. उद्या अंगावर पाजत असेन, झोप नसेल, काय खाल्लं आठवणार नाही. एक दिवस चुकेन मी."

मी तिला थांब म्हणाले नाही. हे लिहिताना मला त्याचंच नवल वाटतं. मी भांडायला हवं होतं, हट्ट करायला हवा होता. पण मलाही भीती वाटली होती. पोटच्या मुलीच्या मिठीची भीती. त्याच आठवड्यात जावई येऊन तिला घेऊन गेले. डिंकाचे लाडू मी डब्यात भरून दिले.

मुलगी झाली. फोनवर पाहिली.

*

बारशाला मी बंगळुराला गेले. विहीणबाई म्हणाल्या, "घुगऱ्या करणार नाही आम्ही. तुमच्यापेक्षा जास्त आहे का ते?" बारशाला घुगऱ्या नाहीत, म्हणजे उकडलेले हरभरे नाहीत? मीच म्हटलं, करा. पहिल्या नातीचं बारसं माझ्यामुळे अपुरं नको. मला वरच्या मजल्यावरची खोली द्या, दार लावून बसते.

जेवणाच्या कितीतरी आधी, बाळाला न्हाऊमाखू घालून, कोऱ्या दुपट्यात गुंडाळून, वीणाने तिला माझ्या मांडीवर आणून ठेवलं. स्वतः आंघोळ करून, सकाळपासून उपाशी राहून आली होती. बाळाच्या टाळूचा वास मी पोटभर घेतला. तिने माझं बोट धरलं. मला वाटलं, बास, एवढं पुष्कळ आहे.

मग खालून बोलावणं आलं आणि दोघी गेल्या. मी दाराच्या फटीला ओला टॉवेल लावून बसले. आत्याने कानात नाव सांगितलं, "कुर्र" झालं, टाळ्या वाजल्या. नाव मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने ह्यांचा फोन आला. "अन्वी ठेवलंय," ते म्हणाले. ते खाली होते, मी वर. मागे सगळे जेवायला बसल्याचा गलका. मी म्हटलं, "तुम्ही जेवा." ते म्हणाले, "जेवतो नंतर." बराच वेळ दोघांनीही फोन ठेवला नाही.

*

मागच्या वर्षी पुन्हा चाचणी झाली. ठिपके आणखी मोठे उठले. डॉक्टर म्हणाल्या, "सध्या पुढे काही करण्यासारखं नाही, अक्का. सांभाळून राहायचं." आता हे संशोधन चाललंय, ते औषध येतंय, असं मी वाचत नाही. यजमान वाचतात आणि कात्रण माझ्या उशीजवळ ठेवतात. मी ते न वाचता घडी घालून ठेवते, पण टाकत नाही.

ज्यांना हे नव्याने झालं असेल त्यांना दोन गोष्टी सांगते. सुई जवळ ठेवा आणि लाज बाजूला ठेवून वेळेत टोचा. आणि कुणी कितीही प्रेमाने वेचून दिलं तरी खाऊ नका. बाकी मन खंबीर ठेवा वगैरे मी सांगणार नाही. माझं राहत नाही.

अन्वी सहा महिन्यांची झाली तसं तिला वरणाचं पाणी सुरू झालं. सगळ्याच बाळांना करतात. मग मऊ खिचडी, मग इडली. वीणा तिला घेऊन दोन-तीन महिन्यांतून एकदा येते, सकाळी येते आणि संध्याकाळी परत जाते. येताना वाटेत मुलीला केळं आणि दूध, दुसरं काही नाही. फाटकाशी गाडी थांबली की तिचे हात-तोंड धुवायचे, फ्रॉक बदलायचा, मग आत.

एकदाच चूक झाली. गाडीच्या सीटवर आदल्या दिवशीचा चकलीचा तुकडा पडलेला होता, तो तिने कधी तोंडात टाकला कुणाला कळलं नाही. ती नुकती चालायला लागली होती. धावत आली आणि ओल्या तोंडाने माझ्या गालाचा पापा घेतला. तिचा मला पहिला पापा. मला लगेच कळलं. चुरचुर सुरू झाली तरी मी थोडा वेळ तिला धरून ठेवली. किती वेळ, ते सांगणार नाही. मग डोक्यावरून पदर ओढून गाल झाकला आणि गोळी घ्यायला आत गेले. त्या वेळी श्वासापर्यंत गेलं नाही. पण वीणा माझ्या मागोमाग आत आली होती. तिने पदर बाजूला केला. गालावर इवल्याशा ओठांएवढी लाल गांध उठली होती.

तिने पदर पुन्हा माझ्या गालावर ओढला. बाहेर जाऊन मुलीपुढे खाली बसली आणि हळू आवाजात तिला काय सांगितलं कुणास ठाऊक. एवढ्याशा मुलीला काय कळणार, असं मला वाटलं.

आता अन्वी दोन वर्षांची होईल. परवा आली होती. हात-तोंड धुऊन, फ्रॉक बदलून दारात उभी राहिली. मी दोन्ही हात पुढे केले. ती एक पाऊल आली आणि थांबली. तिने मागे वळून आईकडे पाहिलं. वीणाने मान हलवली, तेव्हा ती माझ्याकडे आली, आणि माझ्या गालाला न लागता, मान लांब धरून, माझ्या मांडीवर बसली.